चार नंबरची भिंत

पोस्ट तीन आठवडे बंद होतं.
उघडलं तेव्हा आत दवाखान्याचा वास,
पांढरे दिवे, आणि दारातच एक यंत्र
जीभ बाहेर काढून उभं.
जीभ म्हणजे टोकन. ओढायची.

मी आरडीची एजंट. बावीस वर्षं.
पिशवीत एकशे सहा पासबुकं
इमारतीवार, रबरबँड लावून.
कन्नमवार नगरात कुणाच्या घरी
कितव्या तारखेपर्यंत पैसे टिकतात
ते मला ठाऊक, आणि काउंटरपलीकडे खोतबाईंना.
तेवढ्यावर चाललं होतं.

आता चार नंबरचा काउंटर नाही.
होता तिथे भिंत, कोरी, मोतिया रंगाची.
खोतबाई दोन नंबरला बसतात.
त्यांना पाठ असलेले सगळे जुने नंबर गेले,
नवे लांबलचक आलेत,
ते त्या एका बोटाने टिपतात,
तांदळातले खडे वेचावेत तसे.

वायंगणकर काका यंत्रात सापडले,
पण जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे.
"म्हणजे मी गेलोच असणार," काका म्हणाले,
"तेवढं व्याज धरा."
रोझलिन डिमेलो आधी सापडल्याच नाहीत,
मग सापडल्या, श्रीयुत म्हणून.

पहिला आठवडा नुसता तक्रारींचा.
डिंकाची बाटली कुठे गेली?
ती, जिच्यात काडी कायमची रुतली होती,
जिच्या नावाने आम्ही सगळे बोटं मोडायचो.
सुतळीला बांधलेलं पेन कुठे गेलं?
ते तर माझ्या आठवणीत कधी उठलंच नाही.
पंख्याखालचं बाकडं कुठे गेलं?
आता खुर्च्या आहेत, लोखंडी, भोकाभोकांच्या,
जमिनीत बोल्ट मारलेल्या.
कुणाकडे वळून बसता येत नाही.

मंगळवारी, अकराच्या सुमाराला,
काका आले आणि सरळ गेले भिंतीपाशी.
थांबले. पासबुक उघडून हातात.
त्यांच्यामागे एक बाई येऊन उभी राहिली,
बाईच्या मागे पठाण, घड्याळं दुरुस्त करणारे,
मग राख्यांची पाकिटं घेतलेली एक मुलगी,
कानात इअरफोन,
मग आणखी दोघं,
आणि, सांगायला लाज वाटते, मी.
सात माणसं भिंतीसमोर रांगेत,
मध्ये कुणी घुसलं तर ओरडायला तयार.
"सिस्टीम स्लो दिसते," पठाण म्हणाले.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
वर पडद्यावर आमचे आकडे येत होते, जात होते.
काचेमागून खोतबाई दोन्ही हात हलवत होत्या.
आवाज येत नव्हता.

काच चांगली आहे, नाही म्हणत नाही. उंच आहे.
जुन्या जाळीला एक अर्धगोल भोक होतं,
बोलायचं तर कमरेत वाकायला लागायचं.
आता ताठ उभं राहून बोलता येतं,
तोंडासमोर स्टीलची गोल चाळणी आहे.
तिच्यातून खोतबाई विहिरीच्या तळातून आल्यासारख्या येतात:
"...शे ...सही ...उद्या."

म्हणून मी वाकते.
खाली पैसे सरकवायला चार बोटांची फट ठेवलीय.
पलीकडून त्याही वाकतात, मान तिरकी करून,
चष्मा टेबलाला टेकतो.
दोघींच्या मध्ये नोटांचा वास,
आणि त्यांनी नुकत्याच खाल्लेल्या बडीशेपेचा.

"काकांचं झालं?"
"झालं. वय दुरुस्त केलं. एकोणऐंशी."
"खूश?"
"छे हो," त्या फटीतून म्हणतात.
"म्हणाले, आधीचंच बरं होतं."